धर्माच्या रकान्यात आपण काय लिहिणार?



गेल्या पावसाळ्याच्या आरंभी धाड येथील एक गृहस्थ सपत्नीक माझ्याकडे आले होते. धाड हे बुलढाणा तालुक्यातील, मराठवाड्याच्या सीमेलगतचे गाव. तिकडची माणसे कोर्टकचेरीच्या कामासाठी बुलढाण्यास येतात, आणि परतीच्या एस.टी.ला अवकाश असला म्हणजे आपले कागद घेऊन माझ्यासारख्याच्या टेबलापाशी बसतात. या कुटुंबाने मागील विजयादशमीस बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. मुलाला अकरावीत प्रवेश घ्यावयाचा होता. त्यांनी शिष्यवृत्तीचा कच्चा अर्ज माझ्यापुढे ठेविला. त्यातील सर्व रकाने भरलेले होते. रिकामा होता तो एकच, धर्माचा.

"वकीलसाहेब, येथे हिंदूच लिहितो," ते आवाज खाली करून म्हणाले. "बौद्ध लिहिले तर पोराची सवलत जाते, असे सांगतात."

"कोण सांगतात, काका?"

"सगळेच सांगतात."

त्यांची पत्नी तोवर गप्प होती. ती म्हणाली, "घरी संध्याकाळी आम्ही पंचशील म्हणतो. चौथ्या शीलाला आलो की पोरगा माझ्या तोंडाकडे पाहतो."

वाचकहो, वकिली करू लागल्यापासून मी पुष्कळ साक्षी ऐकल्या. परंतु त्या माउलीच्या एका वाक्याने मला जसे निरुत्तर केले, तसे कोणत्याही साक्षीने केलेले नाही. मुसावादा वेरमणी, म्हणजे असत्य भाषणापासून अलिप्त राहण्याचे शील आपण मुलांकडून वदवून घेतो. बावीस प्रतिज्ञांमध्येही असत्य न बोलण्याची प्रतिज्ञा आहे. आणि त्याच मुलाच्या नावाने, त्याच्याच देखत, आपण आपल्या धर्माविषयीच असत्य लिहावयास निघालो, तर त्या मुलाने कशावर विश्वास ठेवावयाचा? या एका रकान्याविषयी आज मला आपणांशी बोलावयाचे आहे.

प्रथम कायदा पाहू. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींचा आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने अशी अट घातली की, जो हिंदू धर्माहून भिन्न धर्म मानतो, तो अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ साली त्यात शीख धर्माची भर पडली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबर रोजी प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे दीक्षा घेतली व लक्षावधी बांधवांना दिली. नागपूर आणि आपला बुलढाणा जिल्हा त्या दिवशी जुन्या मध्य प्रदेशात होते. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते मुंबई राज्यात आले. राज्याचे नाव बदलले, परंतु त्या तिसऱ्या परिच्छेदातील अट बदलली नाही. ज्याने बौद्ध म्हणविले, त्याची केंद्राची सवलत गेली, राखीव जागेवर उभे राहण्याचा हक्क गेला. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर राज्य शासनाने आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांस लागू केल्या. परंतु केंद्राचा दरवाजा बंदच राहिला. तो १९९० साली उघडला. त्या वर्षी संसदेने त्याच परिच्छेदात बौद्ध धर्माचे नाव घातले.

तात्पर्य, ज्या कुटुंबाची जात अनुसूचित जातींच्या यादीत आहे, त्याने बौद्ध धम्म स्वीकारला म्हणून त्याचा तो हक्क १९९० पासून जात नाही. महाराष्ट्रातील समाजकल्याण खात्याच्या कितीतरी योजनांच्या मथळ्यातच 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' असे शब्द छापलेले असतात. धाडच्या काकांना जे सर्वजण सांगत होते, ते एके काळी खरे होते. कायदा बदलला, तोंडोतोंडी चालत आलेली बातमी मात्र बदलली नाही. तीन तपांपूर्वी जे सत्य होते, ते आज असत्य झाले असून एका नवदीक्षित कुटुंबाकडून आणखी एक असत्य लिहवून घेण्यास ते निघाले होते.

हे ऐकून काकांचा चेहरा उजळला. पण ते विचारी गृहस्थ होते. थोडे थांबून त्यांनी विचारले, "आणि नव्वदच्या आधी, साहेब? तेव्हा तर खरे लिहिणाऱ्याचे जातच होते ना? तेव्हाच्या माणसाने काय करायचे?"

हा प्रश्न खरा अवघड आहे. सत्य बोलून काहीच जात नसेल, तेव्हा सत्य बोलणे ही सोय असते; सत्य बोलल्याने मुलाच्या तोंडचा घास जात असेल, तेव्हाच शीलाची कसोटी लागते. म्हणून या प्रश्नाला बगल देणे मला योग्य वाटले नाही, आणि आपणांपुढेही मी ती देणार नाही.

माझे आजोबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि त्यांनी घरातील देव्हारा मोडला. त्यानंतर दोनच वर्षांनी माझ्या वडिलांचे नाव शाळेत घालताना त्यांनीच धर्म हिंदू असा सांगितला. तो दाखला आजही माझ्या कपाटात आहे. तरुणपणी मला त्या दाखल्याचा राग येई. आज येत नाही. ज्या माणसाच्या घरात दोन वेळची भाकरी निश्चित नव्हती, त्याच्यापुढे कायद्याने असा पेच टाकला की, सत्य लिहिशील तर मुलाचे शिक्षण थांबेल आणि असत्य लिहिशील तर चालू राहील. ज्या कायद्याने सत्याला दंड आणि असत्याला बक्षीस ठेविले, त्या कायद्याचा दोष पेचात सापडलेल्या माणसाच्या माथी मारणे न्यायाचे नाही.

या पेचाचे अत्यंत क्लेशकारक रूप पाहावयाचे असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा पंजाबराव विरुद्ध डी. पी. मेश्राम हा १९६४ सालचा निकाल पाहावा. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत राखीव जागेवरून निवडून आलेल्या उमेदवाराविरुद्ध तक्रार अशी की, ते बौद्ध झाले आहेत. आपण धर्मांतर केलेले नाही, असा त्यांचा बचाव होता. न्यायालयाने निर्णय दिला की, धर्म मानणे याचा अर्थ तो उघडपणे जाहीर करणे. आणि एकदा जाहीर घोषणा केली की धर्मांतर परिणामकारक झाले की नाही याची आणखी चौकशी करण्याचे कारण उरत नाही. निवडणूक रद्द झाली. त्या गृहस्थांच्या अंतःकरणाचा न्याय मी करीत नाही. परंतु विचार करा: ज्या घोषणेने आपला समाज ताठ मानेने उभा राहिला, ती घोषणा आपण केली नाही असे सिद्ध करण्यासाठी न्यायालयात झगडण्याची पाळी कायद्याने आपल्यावर आणली होती!

मग आजोबांनी योग्य केले काय? मी त्यांना दोष देत नाही. पण ते योग्य होते, असेही म्हणणार नाही. याचे कारण आकड्यांत आहे. आज ज्यास महाराष्ट्र म्हणतो, त्या प्रदेशात १९५१ च्या जनगणनेत बौद्ध होते अवघे २,४८७. १९६१ च्या जनगणनेत ते झाले २७,८९,५०१. या सत्तावीस लाखांवर माणसांपैकी बहुतेक दरिद्री होती, पुष्कळशी निरक्षर होती, आणि बौद्ध म्हणविण्याने केंद्राची सवलत जाते हे त्यांच्या कानांवर आलेले होते. तरीही प्रगणक दारात आला तेव्हा त्यांनी सत्य सांगितले. १९६४ साली दादासाहेब गायकवाड प्रभृतींच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना जे मागण्यांचे निवेदन दिले, त्यात धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींचे हक्क मिळावेत, ही मागणी होती. ती कोणाच्या बळावर करता आली? ज्यांनी आपण आहोत असे लिहिले, त्यांच्या बळावर. ज्यांनी नाही लिहिले, ते मनाने कितीही बौद्ध असले तरी त्या मागणीच्या कागदावर शून्य होते.

असत्याचे हे नुकसान आपण ध्यानात घेत नाही. अन्यायापासून सुटण्यासाठी जो स्वतःला लपवितो, तो त्या अन्यायाचा पुरावाच नाहीसा करतो. सर्वच लपले असते, तर सरकारने विचारले असते, 'बौद्ध आहेत तरी कोठे? अन्याय झाला तरी कोणावर?' १९९० ची दुरुस्ती आपल्या ताटात येऊन पडली, तिच्यामागे १९५६ पासून चौतीस वर्षे नुकसान सोसून सत्य लिहिणारी माणसे उभी आहेत. माझे आजोबा त्यांत नव्हते. त्यांनी वाचविलेल्या सवलतीवर माझे वडील शिकले आणि मी वकील झालो. म्हणून त्या माणसांचे ऋण माझ्यावर दुप्पट आहे.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. कारण दुसऱ्याच्या असत्यावर लेख लिहिणे सोपे असते. कायद्याच्या शिक्षणासाठी मी एका मोठ्या शहरात गेलो, तेव्हा भाड्याची खोली शोधत होतो. एका घरमालकाने आडनाव विचारले. पूर्वी तीन ठिकाणी माझे आडनाव ऐकल्याबरोबर खोली नाहीशी झाली होती. चौथ्या ठिकाणी मी दुसरेच आडनाव सांगितले. खोली मिळाली. पुढे वर्षभर माझ्या नावाची पत्रे मी महाविद्यालयाच्या पत्त्यावर मागविली. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लाविली नाही. वडील भेटावयास आले, तेव्हा त्यांना मी रस्त्याच्या कोपऱ्यावरील उपाहारगृहात भेटलो. खोलीवर नेले नाही. त्यांनी कारण विचारले नाही. ते मला कारण विचारते, तर बरे झाले असते असे आजही वाटते.

मी तुरुंगातल्या खोलीचे भाडे भरीत होतो, इतकेच. त्या घरमालकाचा अपराध माझ्या असत्याहून मोठा होता, यात मला यत्किंचितही शंका नाही. आणि ज्यास विचारण्याचा अधिकारच नाही, त्यास उत्तर न देणे हे असत्य नव्हे, हेही मी मानतो. 'माझे आडनाव कशासाठी हवे? भाडे बोला,' असे मी म्हणू शकलो असतो. कदाचित खोली मिळाली नसती. पण मौन आणि असत्य यांत अंतर आहे. मौन पाळणारा आपले सत्य स्वतःजवळ जपून ठेवतो. असत्य बोलणारा मात्र ते टाकून देतो, आणि पुढे रोज नवी राखण करीत बसतो.

मज्झिम निकायात भगवंतांनी राहुलास केलेला उपदेश आहे. राहुल तेव्हा लहान होता. पाय धुतल्यावर भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून भगवंतांनी सांगितले की, जाणूनबुजून असत्य बोलण्याची ज्यास लाज नाही, त्याचे श्रामण्य एवढेच. मग ते पाणी ओतून टाकले, भांडे पालथे घातले, आणि रिकामे भांडे दाखविले. आपण आपल्या मुलांना याहून सोपा पाठ देऊ शकणार नाही. ही शिकवण बापाने मुलाला दिलेली आहे, हेही विसरू नये.

परंतु धाडच्या काकांकडे पुन्हा वळू. ते असत्य लिहावयास का निघाले होते? लबाडीने? मुळीच नाही. त्यांनी एक ऐकीव गोष्ट न तपासता खरी मानली होती. बहुतेक प्रामाणिक माणसे असत्याच्या मार्गास अशीच लागतात. काय मानावे हे ज्यास ठरविता येत नाही, त्याचे सत्य बोलण्याचे शील दुसऱ्याच्या हाती जाते. जो अफवेवर विश्वास ठेवतो, तो आज ना उद्या अफवेच्या वतीने सही करतो.

म्हणून कालामांना केलेला उपदेश आपण नीट समजून घेतला पाहिजे. अंगुत्तर निकायात केसपुत्त नगरीच्या कालामांची कथा आहे. येणारा प्रत्येक उपदेशक आपलेच मत खरे म्हणतो आणि दुसऱ्याचे खोडतो, तर आम्ही काय मानावे, असे त्यांनी विचारले. भगवंतांनी सांगितले की, ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा हा आमचा गुरू आहे म्हणून काही मानू नका. आपल्यातील काही जण एवढेच सांगून थांबतात आणि 'जे मला पटले ते खरे' असा त्याचा अर्थ लावतात. परंतु त्याच यादीत केवळ तर्काने जुळते म्हणून आणि आपल्या मताशी जमते म्हणून मानू नका, हेही आहे! आपल्या मनाला बरे वाटणे हा पुरावा होत नाही. ती गोष्ट आचरणात आणल्यास हित होते की अहित, सुज्ञ लोक तिला निंदितात की वाखाणतात, हे स्वतः पाहावयाचे, असा तो मार्ग आहे. आणि तो कष्टाचा आहे.

चंकी सुत्तात एका तरुण ब्राह्मणाशी झालेला संवाद तर आम्हा वकिलांनी पाठ करावा असा आहे. सत्याचे रक्षण कसे होते, असे त्याने विचारले. उत्तराचा आशय असा: ज्याची एखाद्या गोष्टीवर श्रद्धा आहे, त्याने 'माझी अशी श्रद्धा आहे' एवढेच म्हणावे; ज्याने परंपरेने ऐकले आहे, त्याने 'मी असे ऐकले आहे' एवढेच म्हणावे; 'हेच खरे, बाकी सर्व खोटे' या निष्कर्षावर उडी घेऊ नये. असे बोलणारा सत्य राखतो. १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता प्रतिज्ञापत्राविषयी जवळजवळ हेच सांगते: साक्षीदाराने स्वतःच्या ज्ञानातील गोष्टीच शपथेवर सांगाव्यात, आणि जेथे नुसती समजूत सांगण्याची मुभा आहे, तेथे त्या समजुतीचा आधारही सांगावा. ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून सामान्यतः चालत नाही, हा १८७२ च्या पुरावा कायद्याचा नियम १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमानेही कायम ठेविला आहे. न्यायालयात जी शिस्त आपण एका शेताच्या बांधासाठी पाळतो, ती आपल्या आयुष्याविषयी बोलताना का पाळू नये?

ही शिस्त प्रथम आपल्या घरात लागू करावी लागेल, आणि तेथेच ती बोचते. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली त्यांच्या नावाने कितीतरी वचने छापली जातात व हातातील फोनवरून फिरविली जातात. त्यांतील काही त्यांची आहेत. काही त्यांची नाहीत. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांच्या लेखनाचे व भाषणांचे खंड प्रसिद्ध केले आहेत. वचन पुढे पाठविण्यापूर्वी ते कोणत्या खंडात आहे, एवढा प्रश्न आपण का विचारीत नाही? वचन चांगले आहे, हे उत्तर होऊ शकत नाही. विरोधकाने आपली शंभर वचने तपासून एक खोटे दाखविले, की तो उरलेल्या नव्याण्णवांवर शिंतोडा उडवितो. तसेच नागपूरच्या त्या दिवशी किती लोकांनी दीक्षा घेतली, याचे वेगवेगळे आकडे सांगितले जातात. आपण 'लक्षावधी' म्हणावे. मोठा आकडा सांगितल्याने तो दिवस मोठा होत नाही, तो आधीच मोठा आहे.

बाबासाहेबांनी स्वतः याबाबतीत आपणांस किती कठोर उदाहरण घालून दिले आहे, पाहा. वृद्ध, रोगी व मृत माणूस पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही कथा शतकानुशतके चालत आलेली. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी ती स्वीकारली नाही. या घटना नित्याच्या आहेत. एकोणतीस वर्षांच्या पुरुषाने त्या पूर्वी पाहिल्याच नसतील, हे बुद्धीला पटत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. ज्या धम्माला ते शरण गेले, त्या धम्माच्या अत्यंत लोकप्रिय कथेलाही त्यांनी पुरावा विचारला. अशा पुरुषाचे अनुयायी स्टँडवर ऐकलेल्या वार्तेवरून मुलाचा धर्म बदलून लिहिणार काय?

आता एक आक्षेप राहतो, आणि तो दीक्षा घेतलेल्या तरुणांकडून मी अनेकदा ऐकला आहे. ते म्हणतात, "वकीलसाहेब, धर्म बौद्ध लिहितो; पण जातीच्या रकान्यात जुनी जात लिहिणे हे असत्य नव्हे काय? आम्ही तर जात सोडली." हा आक्षेप स्वाभिमानातून आलेला आहे व मला त्याचा आदर आहे. माझे उत्तर असे की, उत्तर देण्यापूर्वी प्रश्न नीट वाचावा. तो रकाना आपली श्रद्धा विचारीत नाही, आपण जात पाळता काय हेही विचारीत नाही. १९५० च्या यादीतील कोणत्या समाजात आपले घराणे मोडते, एवढेच तो विचारतो. ज्यास अपघातात जखम झाली, तो नुकसानभरपाईच्या अर्जात जखमेचे नाव लिहितो. म्हणून तो जखमेचा अभिमान धरतो, असे कोणी म्हणत नाही. जातीचे नाव ही आपल्या घराण्यावर झालेल्या जखमेची नोंद आहे. ती नोंद खरी आहे. 'बौद्ध' हे कोणत्याही जातीचे नाव नाही, आणि ते जातीच्या रकान्यात कोंबणे हा धम्माचाही गौरव नाही.

म्हणून नवदीक्षित कुटुंबांना माझे सांगणे असे. जेथे धर्म विचारला आहे तेथे बौद्ध लिहा, आणि जेथे अनुसूचित जातीचे नाव विचारले आहे तेथे ते नाव लिहा. महाराष्ट्राच्या नियमांत अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांसाठी जातीच्या प्रमाणपत्राचा स्वतंत्र नमुना आहे. तो मागून घ्या. पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे लागतात. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर किंवा कोतवाल पंजीत जुना धर्म व जुनी जात असेल, तर घाबरू नका. तो कागद त्या काळाविषयी खरे बोलतो आहे. त्यावर खाडाखोड करण्याचा मोह मात्र होऊ देऊ नका. धर्मबदलाची नोंद शासकीय राजपत्रात प्रसिद्ध करता येते; ती करून ठेवा. जातीचे खोटे प्रमाणपत्र मिळविणाऱ्यास महाराष्ट्राच्या कायद्यात सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे, हेही माहीत असू द्या.

असत्याचा आधार घेणाऱ्यास तो आधार शेवटी पुरत नाही, हे पुदुच्चेरीतील एका प्रकरणात दिसले. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म आचरणाऱ्या एका भगिनीने नोकरीसाठी हिंदू म्हणून केलेली अनुसूचित जातीची मागणी फेटाळली व अशा कृत्यास संविधानावरील कपट म्हटले. आपण हा निकाल वाचून तिला हसू नये. तिसऱ्या परिच्छेदाचा जो काटा आपल्या पायातून १९९० साली निघाला, तो तिच्या पायात अजून होता. आपण ज्या पेचातून सुटलो, त्यात दुसरे अडकले असतील तर त्यांच्याविषयी करुणा बाळगणे, हाही धम्मच आहे. परंतु ज्यास तो पेच उरलेला नाही, त्या बौद्धाने आज असत्य लिहिले, तर त्यास कोणती सबब उरली?

शेवटी जनगणनेविषयी. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने पुढील जनगणनेसाठी देशाच्या बहुतेक भागाकरिता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस ठरविला असून तीत सर्व जातींचीही नोंद करण्याचा निर्णय झाला आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे प्रत्येकाने आपल्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे उत्तर द्यावयाचे असते. त्या नोंदी कोणास पाहता येत नाहीत व पुरावा म्हणून वापरता येत नाहीत; म्हणून शेजाऱ्याचे वा मालकाचे भय बाळगण्याचे कारण नाही. २०११ साली महाराष्ट्रात ६५,३१,२०० माणसांची नोंद बौद्ध म्हणून झाली. पुढच्या वेळी हा आकडा फुगवावा, असे मी म्हणत नाही. तो खरा असावा, एवढेच म्हणतो. जो मनापासून बौद्ध आहे, त्याने लिहावे. ज्याने अजून ठरविले नाही, त्याने दडपणाखाली लिहू नये. प्रगणक काय लिहितो, तेही पाहावे. आपले उत्तर दुसऱ्याने गृहीत धरू नये.

त्या दिवशी काकांनी लेखणी हाती घेतली, आणि मग ती ठेवून दिली. "पोरगा खाली उभा आहे, त्यालाच बोलावतो," ते म्हणाले. मुलगा वर आला. त्याच्या आईने बोट ठेवून तो रिकामा रकाना त्यास दाखविला. त्याने एकवार तिच्याकडे पाहिले आणि दोन अक्षरे सावकाश लिहिली. मग एस.टी.ची वेळ झाली म्हणून तिघे निघून गेले.

ती दोन अक्षरे लिहिण्यासाठी एके काळी माणसांनी किती मोजले, हे त्या मुलाला आज ठाऊक नसेल. आपल्या मुलांना आपण ते सांगितले पाहिजे. जय भीम.